मधी पाय टाकू नगा

सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, करणाऱ्या पोरांना मार्चअखेर दोन गोष्टी हमखास मिळतात. रात्रीचं जेवण ऑफिसच्या खर्चानं, आणि स्टॉक मोजायला कुठलं तरी गोडाऊन. नशीबवान असाल तर दादरचं साड्यांचं दुकान मिळतं. तिथे पंख्याखाली बसून गठ्ठे मोजायचे, वर कोल्ड्रिंक. २०१९ साली माझ्या नावापुढे सरांनी लिहिलं: भिवंडी, प्लास्टिक दाणा. म्हणजे प्लास्टिकच्या वस्तू बनवायचा कच्चा माल, गोण्यांत भरलेला.

मी डोंबिवलीची. भिवंडी आम्हाला खाडीपलीकडे, जवळजवळ दारात. पण मोठागाव–माणकोलीचा पूल तेव्हा झालेला नव्हता, त्यामुळे समोर दिसणाऱ्या गावाला जायला आधी कल्याण गाठायचं, तिथून एसटी, आणि पुढे अंजूरफाट्याकडे शेअर रिक्षा. ३१ मार्च त्या वर्षी रविवारी आला होता. मेगाब्लॉकच्या धास्तीनं मी सकाळी सातलाच घर सोडलं. आईनं डबा दिला आणि विचारलं, ‘रविवारी कसलं ऑफिस?’ तिला सांगितलं की गोण्या मोजायला चाललेय. त्यावर तिनं बाबांकडे असं पाहिलं, की एवढी फी भरून हे शिकवतात का.

राहनाळ, पूर्णा, काल्हेर, वळ या पट्ट्यात एकदा शिरलं की दोन्ही बाजूंना पत्र्याची गोडाऊनं सुरू होतात ती संपतच नाहीत. मुंबईची जकात चुकवायला, म्हणजे शहराच्या हद्दीबाहेर माल उतरवून लागेल तसा आत न्यायला, ही गोडाऊनं वाढली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, गोडाऊनं मात्र आहेत तिथेच. उलट ऑनलाइन खरेदीवाल्यांनी आणखी उभी केली.

माझ्याबरोबर एक ज्युनियर होता, आर्टिकलशिपला नुकताच लागलेला, हातात नवीन क्लिपबोर्ड. गोडाऊनच्या कीपरनं आम्हाला आधी नाश्त्याला बसवलं. वडे झाले, चहा झाला, मग पुन्हा चहा. ऑडिटवाल्यांना खाऊ घालून वेळ काढणं ही जुनी युक्ती आहे, पण वडे चांगले होते हेही सांगायला हवं. पाणी मी बेतानंच प्यायले. अशा गोडाऊनात बायकांसाठी संडास नसतो. सुदैवानं शेजारी एका कुरिअरवाल्याचं मोठं गोडाऊन होतं, तिथे बायका पॅकिंगला होत्या. त्यांच्या सुपरवायझरबाईंनी ‘केव्हाही या’ म्हणून सांगितलं आणि माझा अर्धा ताण तिथेच उतरला. ऑडिटच्या कुठल्याही पुस्तकात हा मुद्दा नाही. तो असायला हवा.

काम सरळ होतं. आधी शेवटच्या विक्री-बिलाचा आणि शेवटच्या आवकेच्या पावतीचा नंबर टिपून घ्यायचा, म्हणजे रात्रीतून कागद मागेपुढे होत नाहीत. मग त्यांच्या यादीतला माल जमिनीवर शोधायचा, आणि उलट, जमिनीवरचा माल यादीत सापडतो का ते बघायचं. दाण्याची गोणी पंचवीस किलोची, सगळीकडे सारखीच. त्यामुळे गोणी उघडायचीही फारशी गरज पडत नाही. थप्पीची लांबी, रुंदी आणि थर मोजायचे की झालं.

हे सगळं वर्षअखेरच्या हिशोबासाठी, पण या आकड्यात बँकही अडकलेली असते. व्यापारी दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट देतो. उधारीवर आणलेला माल वजा करून जो उरतो, त्यातला साधारण पाव भाग बँक मार्जिन म्हणून बाजूला ठेवते आणि बाकीच्यावर सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाच्या, खात्यातून पैसे उचलू देते. म्हणजे शंभर रुपयांचा माल दाखवला की पंचाहत्तर रुपये हातात. माल कागदावर फुगवायचा मोह कुठून येतो हे यावरून कळावं.

आत चार मोठ्या थप्प्या होत्या. पहिली मोजली: लांबीला चौदा, रुंदीला दहा, वीस थर. दोन हजार आठशे गोण्या. यादीतही दोन हजार आठशे. ज्युनियरनं आनंदानं टिक मारली आणि पुढच्या थप्पीकडे निघाला. मी म्हटलं, थांब, वर जाऊन बघू. त्याला खालून मोजलेली लांबी-रुंदी पुरेशी वाटत होती. मला वरचा थर डोळ्यांनी पाहायचा होता, कारण कधीकधी वर मध्येच दोन रांगा कमी असतात आणि खालून त्या दिसत नाहीत.

दुपारी एक ट्रक भरायचा होता म्हणून माथाडींची टोळी कोपऱ्यात बसून होती. मुकादमानं शिडी लावून दिली. पन्नाशीचा माणूस, डोक्याला टॉवेल, बोली सातारकडची. मी वर चढले. पत्रा डोक्यापासून हातभर अंतरावर आणि उकाडा असा की क्लिपबोर्डही तापलेला. दोन पावलं टाकली तोच खालून आवाज आला.

‘ताई, मधी पाय टाकू नगा. कडंकडंनं चाला.’

मी कडेनं चालले, रांगा मोजल्या. वरचा थर पूर्ण भरलेला होता. खाली उतरायला शिडीवर पाय ठेवला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. थप्पीवर चढणाऱ्याला नेहमी उलटं सांगतात. कडेला जाऊ नका, कडेची गोणी सरकते, मध्ये चाला. वीस थर गच्च रचलेले असतील तर मधला भाग जमिनीइतकाच पक्का. तो खचेल कसा?

खाली आले तर मुकादम विडी शोधत खिसे चाचपत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. थप्पी त्याच्याच टोळीनं मारलेली. माथाडीची मजुरी १९६९ च्या कायद्यानं बोर्डामार्फत मिळते, शेठ ती हातावर टेकवत नाही. तरी रोजचं काम याच दारात, रोजचा राम राम याच कीपरशी. त्याला आणखी काही विचारणं म्हणजे त्याला गोत्यात आणणं होतं.

मी कीपरला म्हटलं, या थप्पीच्या मधल्या दोन गोण्या काढून बघायच्या आहेत.

‘कशाला मॅडम? आकडा जमला ना?’

‘जमला. तरी बघायच्या आहेत.’

आज रविवार, टोळी फक्त ट्रकसाठी बोलावलीय, थप्पी मोडायची मजुरी वेगळी लागेल, शेठना विचारावं लागेल, शेठ देवळात आहेत, फोन उचलत नाहीत. एकामागून एक कारणं आली. मी बाहेर जाऊन सरांना फोन लावला. सर आरडाओरडा करणाऱ्यातले नाहीत. म्हणाले, ‘अगं, त्यात काय? नाही म्हणत असतील तर शीटवर लिही, मधला भाग बघू दिला नाही, आणि खाली त्यांची सही घे. सही करताना माणूस फार विचार करतो.’

तसंच झालं. वाक्य लिहून पेन पुढे केल्यावर शेठ देवळातून लगेच बाहेर आले आणि फोनवरही आले. ‘मॅडम, घरचंच गोडाऊन आहे, हवं ते बघा. पण आज माणसं नाहीत हो.’ मी म्हटलं, माणसं नकोत, पंचवीस किलो आम्ही दोघं उचलू. ज्युनियरचा चेहरा पडला, पण तो चढला बिचारा.

मधली एक गोणी ओढून बाजूला केली. खाली दुसरी. ती काढली तर खाली प्लायवूडचा तुकडा. प्लाय सरकवला आणि मोबाईलचा टॉर्च आत धरला. आत लाकडी पॅलेट एकावर एक रचून खांब उभे केले होते. मधल्या जागेत रिकाम्या बारदानाचे गठ्ठे, एक गुंडाळलेली ताडपत्री आणि अंधार. ज्युनियरनं टेप सोडला, तो सरळ कोब्याला जाऊन टेकला. ‘मॅडम, ही तर विहीर आहे!’ तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की टोळीतल्या दोघांना हसू आवरेना.

आम्ही आतून मापं घेतली. चारी बाजूंना दोन-दोन गोण्यांच्या भिंती, वर दोन थरांचं झाकण. म्हणजे आतली दहा बाय सहाची जागा अठरा थर रिकामी. एक हजार ऐंशी गोण्या नव्हत्याच. सत्तावीस टन. किलोला नव्वद रुपये भाव त्यांच्याच यादीत लावलेला होता, त्या हिशोबानं चोवीस लाख तीस हजार. मी फोटो काढले, मापांचं रेखाचित्र शीटच्या मागे काढलं, आणि एसी नसलेल्या त्या पत्र्याखाली मला चक्क थंडी वाजल्यासारखं झालं.

खाली कीपर उभा. रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. त्यानं एकच प्रश्न विचारला, ‘तुम्हाला कुणी सांगितलं?’ आणि विचारताना नजर माझ्यावर नव्हती, कोपऱ्यातल्या टोळीवर होती.

खोटं बोलायची सवय नाही मला, पण सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलेली गोष्ट कामी आली. मी त्याला ती पूर्ण ऐकवली, मुद्दाम मोठ्या आवाजात. १९६३ साली अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या बेयॉनला एका तेलाच्या व्यापाऱ्यानं टाक्यांत खाली पाणी भरून वर खाद्यतेलाचा थर ठेवला होता. तेल पाण्यावर तरंगतं. वरून तपासणाऱ्याला तेलच लागायचं. त्या तेलावर त्यानं कोट्यवधी डॉलरचं कर्ज उचललं, आणि भांडं फुटलं तेव्हा मालाची हमी देणाऱ्या अमेरिकन एक्सप्रेसलासुद्धा मोठा फटका बसला. ‘तेव्हापासून,’ मी म्हटलं, ‘आमच्या सरांचा नियम आहे. मोठी थप्पी दिसली की मधून उघडायची. कुठलीही असो.’

असा नियम आमच्या ऑफिसात त्या दुपारपर्यंत नव्हता. कीपरला तो पटला की नाही कोण जाणे, पण नजर टोळीवरून निघाली.

आता नियम केलाच होता, तर पाळणं भाग होतं. उरलेल्या तिन्ही थप्प्यांवर चढलो. मी शिडीवरून वर पाय ठेवताना प्रत्येक वेळी मुकादमाकडे एक नजर टाकली. तो चहा पीत बसला होता. मी मधोमध चालत गेले, त्यानं मानसुद्धा वर केली नाही. तिन्ही ठिकाणी दोन-दोन गोण्या काढल्या, खाली गोणीच लागली, तिच्याखालीही गोणीच. ज्युनियरच्या हाताला फोड आले. घरी जाताना कल्याण स्टेशनवर मी त्याला फालुदा पाजला.

पुढचं सगळं फोर्टच्या ऑफिसात, बंद दाराआड झालं. शेठ स्वतः आले. म्हणाले, माल जॉबवर्कला, म्हणजे बाहेर दुसऱ्याकडे प्रक्रियेला गेलाय, त्याची चलनं यायची आहेत, जागा रिकामी दिसू नये म्हणून पोरांनी तसं रचलं असेल. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘चलनं येतील तेव्हा येतील. पण गेलेल्या मालाच्या जागी लाकूड कशाला?’ शेठनी चहा अर्धा ठेवला. सत्तावीस टन हिशोबातून वजा झाले, बँकेला सुधारलेलं स्टेटमेंट गेलं, आणि मार्जिन कापून जे अठरा लाखांच्या वर बसत होते ते त्यांना भरावे लागले. कीपरची नोकरी मात्र गेली. त्यानं तर फक्त शेठचं ऐकलं होतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या वर्षी ते काम आमच्याकडे राहिलं नाही, हे अपेक्षितच होतं. नवीन सीएनं काम घेण्याआधी जुन्याला पत्र लिहून विचारायचं असा आमच्या व्यवसायाचा नियम आहे. पत्र आलं. सरांनी ते माझ्या टेबलावर टाकलं आणि उत्तराचा मसुदा करायला सांगितलं. मी सभ्य भाषेत चार ओळी लिहिल्या. सरांनी वाचल्या, तीन खोडल्या. उरली ती तशीच पाठवली: ‘स्टॉक मोजताना थप्पीच्या मध्यभागावर स्वतः चालून पाहावे.’