पेटी क्रमांक तीन

आई बडोद्याच्या दांडिया बाजारात पाच घरी पोळ्या करायची. वडील खंडेराव मार्केटमध्ये भाजीची पोती उतरवायचे. रंग विकत आणणं आमच्या घरात कुणाला सुचलंही नसतं. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी आणि तेलखडूंचे तुकडे, एवढ्यावर माझं भागायचं. सातवीत एका स्पर्धेला गेले, तर जलरंगच हवेत म्हणून मला बाकावरून उठवलं. दुसऱ्या दिवशी शाळेत चित्रकलेच्या तासाला मी वहीच काढली नाही.

बाईंनी काही विचारलं नाही. पंधरा दिवसांनी त्यांच्या कपाटात सहा रंगपेट्या आल्या आणि सोबत एक रजिस्टर. शनिवारी सही करून पेटी घरी न्यायची, सोमवारी परत करायची, शेवटच्या रकान्यात काय संपलं ते लिहायचं. माझ्या नावापुढे दर वेळी तेच : ‘पेटी क्र. ३. निळा संपला.’ बाई कधी रागावल्या नाहीत. पुढच्या शनिवारी निळ्याची नवी ट्यूब असायचीच.

ही युक्ती आपली नाही, महाराजांची, असं बाई म्हणत. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे आपल्या शाळेत सगळ्यांनाच पाठ. पण १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिल्यावर पुस्तकांच्या पेट्या भरून खेडोपाडी पाठवल्या जात, हे मला बाईंकडून कळलं. वाचायला शिकवायचं आणि पुस्तक मात्र हाताशी नाही, तर त्या शिकण्याचं काय करायचं? रंगांचंही तसंच.

एका रविवारी बाईंनी आम्हा अकरा जणांना कीर्तिमंदिर, म्हणजे गायकवाड राजघराण्याचं स्मारक, दाखवायला नेलं. धाकट्याला कडेवर घेऊन आईही आली. कितीतरी वर्षं ती त्या रस्त्याने जात-येत होती. दाराशी चपला काढून ती हळूच म्हणाली, “आपल्याला आत सोडतील का गं?” हा प्रश्न आजही माझ्या कानात आहे. दार उघडंच होतं. ते आपल्यासाठीही उघडं आहे, हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

आत चित्रकार नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ या काळात रंगवलेल्या भिंती. बाई गंगावतरणाबद्दल सांगत होत्या. आई मात्र मीरेच्या भिंतीपुढे थांबली ती हलेचना. मग तिनेच बाईंना मीरेची गोष्ट सांगायला घेतली, विषाच्या प्याल्यापर्यंत सगळी. बाई हात जोडल्यासारख्या उभ्या राहून ऐकत होत्या.

पुढे फाइन आर्ट्सला कलेतिहास शिकले, आता तोच शिकवते. ‘गरिबाच्या मुलांनी आधी पोटापाण्याचं शिकावं’ असं चांगली माणसंही म्हणतात, तेव्हा मला राग येतो. पोटापाण्याचं शिकायलाच हवं, आईने जन्मभर तेच केलं. पण मीरा तिच्याजवळ होतीच ना! फी माफ झाली तरी कागद, ब्रश, बसभाडं राहतंच, आणि नेमकं तिथेच मूल मागे फिरतं.

या अमृतमहोत्सवात शाळेला बारा रंगपेट्या देते आहे, रजिस्टरसकट. प्रत्येक पेटीत निळ्याच्या दोन ट्यूब जास्त ठेवल्या आहेत.