हबसाणच्या लढाईला गेलेले आमचे खापरपणजोबा : माझा अनुभव

आमच्या घरात पिढ्यानपिढ्या एकच गोष्ट सांगितली जायची, की खापरपणजोबा पलटणीत शिपाई होते, हबसाणच्या लढाईला गेले होते, परत आले आणि मग मरेपर्यंत शेती केली. बस, एवढंच. मोठी आत्या यात अजून एक भर घालायची, ते तिकडे समुद्राचं पाणी शिजवून प्यायचे म्हणून. ती लहान असताना तिच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, तिला हे सांगितलेलं. आम्ही सगळे ते ऐकून सोडून द्यायचो, खारं पाणी कितीही शिजवलं तरी खारंच राहणार ना.

आमचं गाव दापोली तालुक्यात. उत्तरेला मंडणगड तालुका ओलांडला की बाणकोटची खाडी, आणि खाडीपलीकडे पूर्वी जंजिऱ्याच्या सिद्दीचा मुलूख होता, त्याला जुनी माणसं हबसाणच म्हणायची. त्यामुळे घरात सगळ्यांची पक्की समजूत की खापरपणजोबा सिद्दीशी लढले. मीही शाळेत असताना मित्रांना तेच सांगायचो. पण मोठा झाल्यावर हिशोब घातला तर जुळेना. पणजोबांचा जन्म साधारण १८८५ च्या आसपासचा, म्हणजे त्यांचे वडील फार तर १८४०-४५ चे, आणि त्यांच्या उमेदीच्या काळात इंग्रजांच्या पलटणीने जंजिऱ्याशी लढाई केल्याचं कुठेच सापडत नाही. तीन वर्षांपूर्वी वडील गेले, त्यांच्या कागदांची आवराआवर करताना मी ठरवलं की आता याचा छडा लावायचाच.

सुरुवात सातबाऱ्यापासून केली कारण दुसरं काय हातात होतं. कोकणातले सातबारे ज्यांनी पाहिलेत त्यांना माहिती आहे, एका गटात चाळीस-चाळीस नावं सामाईक, अर्धे लोक मयत, वारस नोंदी नाहीत. तरी प्रत्येक नावाखाली फेरफार नंबर असतो, म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाल्याच्या नोंदीचा नंबर, तो धरून मागे मागे जायचं. एका फेरफाराची नक्कल काढली की त्यात आधीच्या फेरफाराचा उल्लेख मिळतो, मग त्याचा अर्ज, मग परत तारीख. एका कार्यालयात मला चार वेळा सांगितलं की हे रजिस्टर जीर्ण झालंय, मिळणार नाही, आणि पाचव्या वेळी दुसरे कर्मचारी होते त्यांनी दहा मिनिटांत काढून दिलं. त्या चार चकरांत माझ्या चार रजा गेल्या त्याचा राग अजून आहे. असो. खोत म्हणजे गावचा सारा वसूल करून सरकारात भरणारा वतनदार. ही खोती नष्ट करण्याचा कायदा १९४९ चा, त्या वेळच्या फेरफारात आमची वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी, जमीन खोताकडून कुळांच्या नावावर आली ती नोंद मिळाली. त्याच्याही मागे बोटखत. हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं नसतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खोती गावांचं हे जुनं दप्तर, कोणती जमीन कोण कसतो आणि कुठल्या हक्काने कसतो ते त्यात लिहिलेलं असतं. १८८० च्या खोती कायद्यानंतरच्या आमच्या गावच्या बोटखतात खापरपणजोबांचं नाव एका भातखाचराला धारेकरी म्हणून लागलेलं होतं, म्हणजे तेवढा तुकडा तरी स्वतःचा, फक्त सरकारी धारा भरायचा, खोताला फायदा द्यायचा नाही. बाकी सगळीकडे ते खोताचं कूळ. त्या पानावर त्यांचं नाव पहिल्यांदा लिहिलेलं पाहिलं तेव्हा मला खरंच भरून आलं, नुसती ऐकीव गोष्ट होती ती, आता माणूस झाला.

पण शिपाई कुठे होते ते त्यात नव्हतं.

ते मिळालं आत्याच्या पेटीत. चिपळूणला तिच्याकडे गेलो होतो, बोलता बोलता ती म्हणाली, अरे बाळा, आमच्या आईजवळ असायचा तो बिल्ला बघितलायस का तू? आणि एका पितळी डब्यातून फडक्यात गुंडाळलेलं चांदीचं पदक काढलं. काळं पडलेलं, जुन्या चांदीच्या रुपयाएवढं. वर एक मुकुट आणि त्यावर कडी. पुढच्या बाजूला मधे डोक्यावर पदर घेतल्यासारखी व्हिक्टोरिया राणी, तिच्याभोवती नऊ टोकांची चांदणी आणि प्रत्येक दोन टोकांच्या मधे एकेक इंग्रजी अक्षर. मी नखाने मळ काढत एकेक अक्षर मोठ्याने वाचत गेलो. ए, बी, वाय, एस, एस, आय, एन, आय, ए.

ॲबिसिनिया.

म्हणजे आजचा इथिओपिया. हबशांचा देश तो हबसाण. घरच्यांनी शब्द अगदी बरोबर जपला होता, फक्त तो खाडीपलीकडचा नव्हता तर समुद्रापलीकडचा होता. मी आत्याला सांगत होतो आणि माझा आवाज कापत होता.

या पदकाची एक खास गोष्ट म्हणजे बाकीच्या बऱ्याच पदकांवर नाव कडेवर असतं, याच्यावर ते मागच्या बाजूला पानांच्या वेलबुट्टीच्या आत मधोमध असतं. आमचं झिजलेलं होतं, घरातल्या कुणीतरी बहुतेक गळ्यात घातलं असणार. ज्यांच्या घरात असं काही असेल त्यांना हात जोडून सांगतो, चिंच किंवा पॉलिश लावून घासू नका, अक्षरं असतात तीही जातात. मी रात्री खोलीतला दिवा बंद केला, मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा टेबलाच्या पातळीत धरला आणि पदक हळूहळू फिरवत राहिलो, सावली पडली की अक्षर उठून दिसतं. नावाचा पहिला भाग, मग रावचं स्पेलिंग आर-ओ-डब्ल्यू असं जुन्या पद्धतीचं, आणि खाली आकडा तीन आणि एन. आय., म्हणजे नेटिव्ह इन्फन्ट्री. पाऊण तास गेला त्यात पण वाचलं.

इथे मी एक मोठी चूक केली ती सांगतो म्हणजे दुसऱ्या कुणाचे महिने वाया जायला नकोत. मी तीन नंबर धरून मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचा इतिहास वाचत बसलो. काहीच जुळेना. पलटणींचे नंबर दर थोड्या वर्षांनी बदललेत. १९०३ मधे मुंबईच्या बहुतेक पायदळ पलटणींच्या जुन्या नंबरात शंभर मिळवले, म्हणजे तिसरी नेटिव्ह इन्फन्ट्री झाली १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, आणि १९२२ च्या फेररचनेत तीच पहिली बटालियन झाली, जिला जंगी पलटण म्हणतात. १९२२ ची तिसरी बटालियन आली होती ११० व्या पलटणीतून. त्यामुळे पदकावरचा नंबर त्या सालातला धरायचा, आजचा नाही.

एकदा पलटण कळल्यावर मोहिमेबद्दल वाचायला भरपूर मिळालं. तिथल्या थिओडोर राजाने इंग्रज वकील आणि बाकी काही युरोपियन लोक कैदेत ठेवले होते, त्यांना सोडवायला नेपियर नावाच्या इंग्रज सेनापतीच्या हाताखाली मुंबईहून फौज पाठवली, १८६७ च्या शेवटी आणि १८६८ च्या सुरुवातीला, साधारण तेरा हजार शिपाई, बरोबर हजारो खेचरं, उंट आणि ४४ हत्तीसुद्धा बोटीतून. तांबड्या समुद्राच्या काठी झुला म्हणून ठिकाण आहे तिथे उतरले, तिथून मगदाला किल्ला जवळजवळ चारशे मैल आत डोंगरात. १३ एप्रिल १८६८ ला किल्ला पडला आणि राजाने स्वतःला गोळी घालून घेतली. मुंबईच्या बऱ्याचशा पलटणी प्रत्यक्ष हल्ल्यात नव्हत्या, वाटेवरच्या छावण्या आणि रसद राखायला होत्या. आणि झुलाला प्यायला पाणीच नव्हतं. बंदरात उभ्या बोटींवर समुद्राचं पाणी उकळून त्याच्या वाफेचं पाणी करायचे आणि ते माणसांना जनावरांना पुरवायचे.

हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. मी तसाच बसून राहिलो. शिजवलेलं समुद्राचं पाणी. दीडशे वर्षं ती गोष्ट तोंडातोंडी आली आणि एक अक्षर चुकलं नव्हतं, आम्हीच तिला वेड्यात काढलं.

मुंबईला पुरालेखागारातही दोन दिवस बसलो, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे ते. लष्करी खात्याचे जुने व्हॉल्यूम बघितले, पलटणीच्या हालचालींबद्दल वाचलं पण साध्या शिपायाचं नाव काही तिथे आलं नाही. ऑनलाइन ज्या याद्या सापडतात त्यात बहुतेक गोरे अधिकारी. आपल्या माणसांसाठी गावच्या दप्तरात आणि घरच्या ट्रंकेतच शोधावं लागतं असं माझं मत झालंय.

ट्रंकेवरून आठवलं, सगळ्यात मोठा ठेवा तिथेच होता. वडिलांच्या कागदांत एक मोडीतलं खत होतं, जुन्या स्टँप पेपरवर, घडीवर फाटलेलं. मला मोडी येत नाही, ओळखीतून एक मोडी वाचणारे काका मिळाले, पुरालेखागाराच्या वर्गात शिकलेले. त्यांनी कागद सरळ वाचला नाही, आधी फक्त तारीख शोधली. शके १७८९ प्रभवनाम संवत्सरे, मार्गशीर्ष. म्हणाले, शकात ७८ मिळवा, १८६७ आलं, आणि संवत्सराचं नाव त्या सालाशी जुळतंय का ते बघायचं, जुळलं म्हणजे आकडा वाचण्यात चूक नाही. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व दीर्घ नसतं, त्यामुळे अशी पडताळणी लागतेच. मग बोट ठेवून एकेक ओळ लावत गेले. गहाणखत निघालं. खापरपणजोबांच्या आईने, नावापुढे कोम म्हणजे अमक्याची बायको असं लिहून, तेच धारेकरी खाचर साठ रुपयांना सावकाराकडे गहाण टाकलेलं, कारण पुत्र पलटणीत चाकरीस असून घरी अडचण. त्या काळात शिपायाचा पगार महिन्याला ७ रुपये होता म्हणजे साठ रुपये किती ते बघा. या माऊलीचं नाव आमच्यापैकी कुणालाच माहिती नव्हतं, आमच्या वंशावळीत बायकांची नावंच नाहीत.

मग काकांनी कागद उलटा केला. पाठीवर वेगळ्या हाताने, वेगळ्या शाईत अडीच ओळी. शके १७९० विभवनाम संवत्सरे, कार्तिक, बाजूला सन १२७८ फसली, म्हणजे जुना महसुली सन. फसलीत ५९० मिळवले की १८६८. आणि पुढे, मुद्दल व्याज मिळून भरून पावलो, हस्ते खुद्द.

काका म्हणाले हस्ते खुद्द म्हणजे ते स्वतः पैसे घेऊन सावकाराच्या दारात गेले होते. एप्रिलला मगदाला पडली, फौज जूनपर्यंत तिथून निघाली, आणि कार्तिकात आमचं खाचर सुटलं. मला त्यांची सगळी लढाई त्या दोन शब्दांतच दिसते, पदकापेक्षा तो कागद मला जास्त मोलाचा आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. तहसीलच्या रेकॉर्डमधे जन्ममृत्यूचं जुनं रजिस्टर असतं, गाव नमुना १४, त्यात १९०४ साली त्यांच्या मरणाची नोंद मिळाली, वय साठ, कारण ताप. त्या पानावर निम्म्या लोकांचं कारण तापच आहे. सगळ्या नकला, खताचे फोटो आणि काकांनी केलेलं लिप्यंतर मी एका फाइलमधे लावलं, कागद कापडात ठेवला, लॅमिनेशन केलं नाही, तुम्हीही करू नका.

फाइल घेऊन परत आत्याकडे गेलो. तिला डोळ्यांनी वाचता येत नाही आता, चौऱ्याऐंशीची आहे, मी वाचून दाखवलं. बोटीवरचं पाणी आलं तिथे तिने मला थांबवलं, परत वाच म्हणाली. परत वाचलं. मग बराच वेळ काही बोलली नाही, आणि म्हणाली, आजोबा सांगायचे, त्यांच्या वडिलांसमोर तांब्यातलं उरलेलं पाणी अंगणात फेकलं की ते उठून आत निघून जायचे, जेवायचे नाहीत. म्हणून आमच्याकडे उरलेलं पाणी फणसाच्या बुंध्यात ओतायची पद्धत होती. मी विचारलं, हे आधी कधी नाही सांगितलंस? तर म्हणाली, यात काय सांगायचं असतं, मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असंच करतात.