नेम बसेल, पण कुठे?

नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणं मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. अर्धं ऑफिस रजेवर जातं. मी शिकार करत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. यंदा शेजारच्या काकांबरोबर भडक नारिंगी जाकीट घालून मचाणावर बसलो, तो निव्वळ कुतूहलापोटी. भरदार शिंगांचा नर समोरून आला, आमच्याकडे तोंड करून थांबला, आणि काकांनी चाप ओढलाच नाही! "कोन नव्हता," एवढंच म्हणाले.

मग मी खोदून खोदून विचारलं. हरीण आडवं उभं हवं. पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागाच्या आसपास नेम धरायचा. तिथे हृदय आणि दोन्ही फुप्फुसं मिळून जेमतेम जेवणाच्या कागदी प्लेटएवढी जागा. तिरपं पाठमोरं असेल तरी चालतं, फक्त पलीकडच्या पुढच्या पायाच्या रेषेत गोळी जायला हवी. समोरून मारलं तर एखादंच फुप्फुस सापडतं किंवा गोळी पोटात शिरते. डोक्यावर तर ते कधीच मारत नाहीत. मेंदू लहान, मान सारखी हलती. जबडा फुटला तर जनावर पळून जातं आणि उपाशी मरतं. मचाणावरून आणखी एक भानगड: गोळी वरून खाली जाते, म्हणून ती बाहेर कुठून पडेल याचा हिशोब आधी करायचा.

आपल्याकडे भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, हे मी जरा ताठ मानेने ऐकवलं. त्यावर काका म्हणाले, इथे 1 जानेवारी 1973 पासून पुढे जन्मलेल्यांना परवान्यासाठी सहसा शिकारीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्यांचा स्वतःचा जन्म त्याच्या कितीतरी आधीचा, तरी ते वर्गात बसून आले होते. मी गप्प. मटण घेताना सुरी कुठे आणि कशी फिरली, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. अर्थात बिबट्या गावात शिरतो तिथले प्रश्न वेगळे, हेही त्यांना सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी एक मादी आडवी मिळाली. गोळी लागूनही ती पळाली. मी उठायला लागलो, तर काकांनी बाही धरून बसवलं: अर्धा तास हलायचं नाही, मागे लागलं की जखमी हरीण आणखी लांब जातं. नंतर पानांवर गुलाबी, फेसाळ रक्त दिसलं, म्हणजे फुप्फुस. गडद लाल असतं तर यकृत, मग काही तास थांबा. हिरवट घाण दिसली तर पोट, आणि मग सहा-आठ तास, कधी त्याहूनही जास्त. मादी झाडीपलीकडेच पडलेली सापडली.

प्रशिक्षणाला मी नाव नोंदवलंय. परवान्याचं पुढे बघू.