बसल्या जागी बोट लागते तेव्हा : माझा अनुभव

पावसाळा लागला की मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद होतात, आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे माझ्या आईला तर एरवीही होडीत चढणे जमत नाही. शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेल्या या किल्ल्याच्या तटावरून तिला एकदा तरी फेरी मारता यावी, म्हणून मागच्या उन्हाळ्यात मी तिथली छायाचित्रे घेऊन त्यांवरून डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटमध्ये पाहता येईल असा आभासी किल्ला तयार केला. खुर्चीत बसून जॉयस्टिक पुढे ढकलली की तटावरून चालता येई. पहिल्या दिवशी आई जेमतेम तीन मिनिटे टिकली. "माका बोट लागल्यासारखां वाटता, काढ गो ह्यां," म्हणाली, आणि नंतर तासभर पडून राहिली.

तिचा शब्द अचूक होता. बोटीच्या आत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना भोवतालचे सारे स्थिर दिसते, पण कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला हेलकावे जाणवत असतात. हेडसेटमध्ये नेमके उलट घडते, म्हणजे डोळे चालत असतात आणि शरीर खुर्चीत असते. आपण पुढे सरकत आहोत हा भास विशेषतः नजरेच्या कडांना दिसणाऱ्या हालचालीतून बळावतो. म्हणून चालताना त्या कडाच झाकाव्यात, असा मी शेवटी वापरलेल्या उपायामागचा विचार आहे.

आधी मी हेडसेटच्या दोन भिंगांतील अंतर आईच्या डोळ्यांतील अंतराशी जुळते का, ते तपासले. आमच्या क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये त्यासाठी ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीन जागा असतात आणि आईला पहिली जागा बसली. चित्र स्पष्ट झाले, पण मळमळ गेली नाही. मग मी दृश्याभोवती कायमची काळी चौकट ठेवली. त्रास कमी झाला, पण समुद्रच दिसेना, आणि समुद्र दिसत नसेल तर तटावर जायचे कशाला, हे तिचे म्हणणे मला पटले.

कोलंबिया विद्यापीठातील फर्नांडिस आणि फाइनर यांनी २०१६ साली दाखवलेली पद्धत इथे उपयोगी पडली. त्यांनी दृष्टिक्षेत्र, म्हणजे डोळ्यांना दिसणारा भाग, कायमचे न आवळता हालचालीनुसार हळूहळू कमी-जास्त केले होते, आणि प्रयोगात भाग घेतलेल्या बहुतेकांना तो बदल लक्षातही आला नव्हता. मी किल्ला ज्यात तयार केला त्या युनिटी या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी तयार साधन मिळते. त्यात कडा झाकणाऱ्या काळ्या पडद्याचे मधले छिद्र किती मोठे, त्याची कड किती मऊ आणि ते किती वेळात मिटावे-उघडावे, एवढे ठरवायचे असते.

माझी चूक अशी झाली, की आईने मान वळवली तरी छिद्र लहान होई. वस्तुतः मान खरोखर वळते तेव्हा कानालाही ती हालचाल कळत असते, त्यामुळे तिथे झाकण्याची काहीच गरज नव्हती. उलट तेवढ्याने ती दचकत असे. हे ध्यानात यायला मला दोन आठवडे लागले. त्यानंतर छिद्र केवळ जॉयस्टिकच्या वेगाशी जोडले, त्याची कड मऊ केली आणि ते साधारण पाव सेकंदात मिटेल असे ठेवले. तटाच्या वळणांवर मात्र तेवढ्याने भागले नाही, कारण जॉयस्टिकने सावकाश वळणेच तिला सर्वांत जास्त बाधत होते. तिथे एकदम ३० अंशांत वळण्याची सोय केली. रोज दहा मिनिटांपेक्षा जास्त बसायचे नाही आणि तोंडाला पाणी सुटू लागले की लगेच थांबायचे, हे दोन नियम आम्ही मोडले नाहीत.

श्रावणात एका दुपारी ती दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरींपर्यंत न थांबता गेली, आणि कडा काळ्या होत होत्या का असे विचारल्यावर "खंय?" म्हणाली. तटाच्या पायऱ्या उतरताना तिला अजूनही गरगरते. तिथे चालवत न नेता मी तिला थेट खालच्या पायरीवर उभी करते.