मागून आणलेली भांडी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या आमच्या गावात मे महिन्यात चर्चची सुट्टीतली शास्त्रशाळा भरायची, शास्त्र म्हणजे बायबल. हल्ली सगळेच तिला व्हीबीएस म्हणतात. एरवी दर रविवारी उपासनेआधी तासभर शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा शास्त्राचा वर्ग, असायचीच, पण मेमधली शाळा आठवडाभर रोज सकाळी चालायची आणि रविवारी संध्याकाळी चर्चच्या अंगणात तिचा मेळावा व्हायचा. पुण्याला, गोव्याला, बंगळुरूला पोटापाण्यासाठी गेलेली माणसं त्या सुमारास गावी आलेली असायची. काजूचा हंगाम सरत आलेला, फणस पिकायला लागलेले आणि वळीव कधी कोसळेल याचा नेम नाही. नाताळ आम्हाला प्यारा होताच, पण नाताळ साऱ्या मंडळीचा. मेळावा मात्र आम्हा पोरांचा.

मेळाव्याचा एकच नियम कडक होता. गोष्ट सांगणाऱ्याच्या हातात कागद नाही. वचन शास्त्रात आहे तसं अक्षरन् अक्षर पाठ म्हणायचं. गोष्ट मात्र आपल्या शब्दांत सांगायची. घोकलेली गोष्ट आमच्या शब्बाथ शाळेच्या बाईंना चालत नसे. "तुला दिसली तशी सांग," म्हणायच्या. आज मी स्वतः मुलांना शिकवते आणि याहून चांगली रीत मला अजून सापडलेली नाही. नुसती ऐकलेली गोष्ट मूल चार दिवसांत विसरतं. जी गोष्ट चारचौघांत उभं राहून सांगायची आहे, तिच्यात त्याला शिरावंच लागतं. रस्ता कसा होता, ऊन किती होतं, आधी कोण बोललं, हे सगळं त्याला ठरवावं लागतं.

बाई शास्त्रातली गोष्ट आमच्या शिवारात आणायच्या, पण तिथंच सोडून द्यायच्या नाहीत. येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला घ्या: काही बी वाटेवर पडतं, काही खडकाळ जागी, काही चांगल्या जमिनीत. आमच्याकडं भात कुरीनं पेरतात, सरळ ओळीत. त्यामुळं एका शेतकऱ्याच्या पोरानं विचारलं, "बाई, वाटंवर बी कशाला टाकलं त्यानं? वाया नाही का गेलं?" बाईंनी त्यालाच उलट विचारलं, "तरव्याला बी कसं टाकता रे तुम्ही?" तो म्हणाला, "मुठीनं फोकून." "मग बांधावर चार दाणे पडतात की नाही?" पडतात म्हणाला. तेवढ्यावर बाई येशूच्या देशातल्या शेतात शिरल्या. तिथं बी हातानं फोकत, शेतांतून पायवाटा गेलेल्या असत, आणि गालीलाच्या टेकड्यांवर कुठं कुठं मातीचा थर पातळ आणि खाली सलग खडक. वरून जमीन चांगलीच दिसते. बी लवकर उगवतं, पण मुळाला खाली जागा नाही, म्हणून ऊन चढलं की रोप करपतं. मुरमाड रान असलेल्या आमच्या पोरांना हे एका दमात पटलं. त्या वर्षी मेळाव्यात तो दाखला त्याच पोरानं सांगितला आणि पुढं बसलेले म्हातारे शेतकरी मान डोलवत ऐकत होते.

शंभरातलं एक हरवलेलं मेंढरू शोधायला मेंढपाळ जातो, त्या दाखल्याचंही तसंच. सुगी झाल्यावर शेतात बकरी बसवायला धनगर यायचे. एका थंडीत रविवारचा वर्ग संपवून बाई आम्हा सगळ्यांना तळावर घेऊन गेल्या. शंभरातलं एक नसलं तर तुम्हाला कळतं का, असं त्यांनी धनगरमामांना विचारलं. मामा म्हणाले, "न कळायला काय झालं? हाक मारली की येणारं येतंय. न आलेलं कळतंय की." परत येताना वाटेत बाईंनी योहानाच्या दहाव्या अध्यायातलं वाचून दाखवलं, मेंढरं मेंढपाळाची वाणी ओळखतात ते. त्यावर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

ही त्यांची दुसरी रीत. गोष्टीच्या शेवटी "यावरून आपण काय शिकलो?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. मला वाटतं, मुलांच्या डोक्यातून गोष्ट हुसकून लावायची असेल तर तो प्रश्न विचारावा. बाई विचारायच्या, "तू तिथं असतास तर कुठं उभा राहिला असतास?" चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत तर पुष्कळ वेळ लागायचा. यरुशलेमाहून यरीहोला निघालेल्या माणसाला लुटारू मारून वाटेत टाकतात, याजक त्याला बघून बाजूनं निघून जातो, पण परका शोमरोनी त्याला उचलून उतारशाळेत नेतो, ती गोष्ट. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली. मधली वाट उताराची, ओसाड, वळणावळणाची. गोव्याला जाताना चोर्ला घाट उतरतो तशी, पण झाडं काढून टाकलेली, असं त्या सांगायच्या. मग प्रत्येकानं आपापली जागा निवडायची. याजक व्हायला कुणी तयार नसायचं. एकदा एक मुलगी म्हणाली, "मी उतारशाळेवाला होणार. त्यालाच रात्रभर जागायला लागलं असेल." उतारशाळेवाल्याचा विचार तोवर आमच्यातल्या कुणी केला नव्हता. जाताना शोमरोन्यानं त्याला दोन दीनार दिले होते, आणि दीनार म्हणजे त्या काळी मजुराचा दिवसाचा रोज, हे बाईंनी त्या दिवशी सांगितलं.

वचनांची गंमत वेगळी. धाकटी पोरं हटकून "येशू रडला" हेच वचन निवडायची, कारण शास्त्रातल्या सगळ्यात लहान वचनांपैकी ते एक. बाई नाही म्हणत नसत. फक्त तो का रडला तेवढं सांगायला लावायच्या. त्यासाठी येशूच्या मित्राचं, लाजराचं आजारपण, त्याच्या बहिणी मार्था, मरीया, चार दिवस झालेली कबर, सगळं यायचं, आणि दोन शब्दांचं वचन घेऊन उभा राहिलेला पोरगा पाच मिनिटं बोलून खाली बसायचा.

घरी शिकवणारी आज्जी. दिवेलागणीला प्रार्थना झाली की जेवण आणि जेवणानंतर अंथरुणावर गोष्ट. तिची आवडती गोष्ट शमुवेलाची, आईनं देवाला वाहिलेल्या आणि शिलोच्या देवळात म्हाताऱ्या एली याजकापाशी वाढणाऱ्या पोराची. रात्री देव हाक मारतो, पोराला वाटतं एलीनंच बोलावलं, तो तीनदा धावत जातो. आज्जी अंधारात खरोखरच आमच्यातल्या एकाचं नाव घ्यायची आणि आम्ही अंथरुणातून उठून "काय गे आज्जी?" करत तिच्यापाशी जायचो. "मी नाही बोलावलं, जा नीज." तिसऱ्या वेळेला कुणालाच झोप यायची नाही. पण आज्जीचा जीव शमुवेलापेक्षा त्याच्या आईत जास्त. हन्ना दर वर्षी नवऱ्याबरोबर शिलोला यज्ञाला जायची तेव्हा लेकासाठी लहानसा झगा शिवून न्यायची, हे शास्त्रात एकाच ओळीत आहे. आज्जी त्या ओळीवर थांबायची. वर्षभरात पोरगं केवढं वाढलं असेल ते तिनं न बघता कसं ओळखलं असेल, माप कशावरून घेतलं असेल, असं ती आम्हालाच विचारायची. मेळाव्याचे कपडे आमच्या घरात तीच शिवायची, आणि ते नेहमी दोन बोटं सैल असायचे.

मेळाव्याला बेळगावहून एक वडीलधारे गुरुजी पाहुणे म्हणून यायचे. त्यांचं भाषण लांबायचं, पण त्यातल्या काही गोष्टी मनात घर करून राहिल्या. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० साली सुरू झालं आणि १९०४ साली ते मेथडिस्टांकडं आलं, हे मी प्रथम त्यांच्या तोंडून ऐकलं. इंग्लंडातल्या ग्लॉस्टर गावात १७८० साली रॉबर्ट राइक्स यांनी रविवारची शाळा काढली, ती आठवडाभर कामावर राबणाऱ्या गरीब पोरांसाठी; शास्त्र हातात देऊन आधी वाचायला शिकवायचं, हा तिचा पाया. गुरुजी हे सांगायचे आणि आमच्याकडं बोट करायचे. कारण आमच्यातली निम्मी पोरं कन्नड शाळेत जायची. घरी मराठी, शाळेत कन्नड, आणि बाराखडी शिकायची ती शब्बाथ शाळेत. माझ्या बरोबरीचे कित्येकजण मराठी वाचायला शास्त्रावर शिकले, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" या ओळीवर बोट ठेवून. बायकांकडं वळून ते पंडिता रमाबाईंविषयी बोलायचे. साध्या बाईमाणसालाही कळावं म्हणून रमाबाईंनी मूळ भाषांवरून अख्खं शास्त्र सोप्या मराठीत आणलं. त्या १९२२ साली वारल्या आणि ते १९२४ साली छापून पुरं झालं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच ते छापलं. आज्जी हे दर वर्षी पहिल्यांदाच ऐकत असल्यागत ऐकायची.

सगळ्या मेळाव्यांत भांड्यांचा मेळावा मला जास्त आठवतो. त्या वर्षी दुसऱ्या राजांच्या चौथ्या अध्यायातल्या विधवेची गोष्ट नाटकात बसवायची ठरली. नवरा मेलेला, कर्ज डोक्यावर, सावकार दोन्ही पोरांना दास करून न्यायला निघालेला. घरात काय आहे, असं अलीशा संदेष्टा विचारतो. तेलाच्या एका कुपीखेरीज काही नाही. तो सांगतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, थोडकी आणू नको, आणि कुपीतलं तेल त्यांत ओत. भांडी आहेत तोवर तेल वाहतच राहतं. चर्चच्या स्वयंपाकघरात भांडी पुष्कळ होती. पण बाई म्हणाल्या, "शास्त्रात शेजाऱ्यांकडून आणली आहेत. जा, मागून आणा."

आमची गल्ली मिश्र. ख्रिस्ती घरं थोडी, बाकी मराठे, कुंभार, लिंगायत. आम्ही दोघादोघांनी दारोदार गेलो. प्रत्येक दारात पहिला प्रश्न, "रिकामं भांडं कशाला रे?" मग उंबऱ्याशी उभं राहून गोष्ट सांगावी लागायची, कुठं मराठीत, कुठं कन्नडमध्ये. बाईंनी नेमकं हेच योजलं असणार, हे मला शिकवायला लागल्यावर उमगलं. मेळाव्याचा दिवस उजाडेपर्यंत प्रत्येकाची गोष्ट इतक्यांदा सांगून झाली होती की तालमीची गरजच राहिली नाही. एका काकूंनी सावकाराचं ऐकून कपाळाला हात लावला आणि फडताळावरची पितळेची घागर, कळशी, तपेली, सगळं काढून दिलं. कुंभारवाड्यातल्या अक्कांनी कोरी मडकी दिली, वर म्हणाल्या, "अजून लागली तर येवा."

संध्याकाळी अंगण भरलं. ज्यांची भांडी होती ते सगळे बघायला आले होते. विधवेच्या मुलानं कळशी पुढं केली तशी मागून कुणीतरी आनंदानं ओरडलं, "आमची कळशी हाय की ती!" शेवटी आई म्हणते, आणखी भांडं आण. मुलगा म्हणतो, आता भांडं उरलं नाही. आणि तेल थांबतं. त्या क्षणी पहिल्या रांगेतल्या एका आज्जीबाईंनी जवळचा पानाचा डबा पुढं केला. त्याला कुणी हसलं नाही. मुलगा खाली उतरला, डबा घेतला आणि आईजवळ नेऊन ठेवला.

भांडी परत करायची तर रिकामी कशी द्यायची? बायकांनी प्रत्येकात चिरमुरे, फुटाणे आणि गुळाचा खडा घातला. कुठलं भांडं कुणाचं हे बघायला आम्ही कंदिलाच्या उजेडात कडेवर कोरलेली नावं वाचत बसलो, निम्मी मराठी अक्षरांत, निम्मी कन्नडमध्ये. मराठी वाचणाऱ्यांचा एक गट झाला, कन्नड वाचणाऱ्यांचा दुसरा. दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं मागितली होती त्याच दारात नेऊन दिली. पुढं गणपतीत त्याच घरांतून देखाव्यासाठी आमच्या चर्चची बाकं न्यायला माणसं आली आणि पाळकसाहेबांनी स्वतः ती उचलू लागली.

आता मुलं इंग्रजी माध्यमात जातात. शास्त्रातल्या गोष्टींची चित्रं मोबाईलवर हलताना दिसतात. त्याचं मला वावडं नाही. नोहाच्या तारवाची लांबी-रुंदी मीही त्यावर दाखवते. पण मेळाव्याचा नियम आम्ही सोडलेला नाही. अलीकडं एका मेळाव्यात बंगळुरूहून आलेल्या मुलीनं रूथची गोष्ट सांगितली, अर्धी मराठी, अर्धी कन्नड, अधूनमधून इंग्रजी. एका वडीलधाऱ्यांना ते रुचलं नाही. गोष्ट शुद्ध मराठीत हवी म्हणाले. मला त्यांचं मन कळतं. सीमेवर मराठी टिकवायची म्हणजे काय, ते त्यांनी सोसलं आहे. पण रूथ मवाबातून बेथलेहेमात आलेली परकी सून. सासूपाठोपाठ गावात शिरल्यावर तिची बोलीही अशीच मिसळलेली असणार. मी हे बोलून दाखवलं तसे ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्या मुलीला म्हणाले, "पुढल्या वर्षी ये बाळ. मराठी मी शिकवतो." ती त्यांच्याकडं खरंच शिकते आहे, फोनवरून, रविवारी दुपारी.

यंदा मुलांनी योसेफाची गोष्ट निवडली आहे. बारा भाऊ हवेत आणि आमच्याकडं मुलगे सातच, तेव्हा पाच मुलींनाही फेटे बांधायचे आहेत. फेटे आणायला पोरं कालच शेजारच्या वारकरी काकांकडं गेली होती. त्यांनी आधी सगळी गोष्ट सांगायला लावली. मग फेटा बांधायचा कसा, ते दाखवायला ते शनिवारी स्वतः येणार आहेत.