आत कॅरॅमल, बाहेर चॉकलेट आणि वर फोंड्याचं ऊन

परवा फोंड्यात वरच्या बाजारात नारळ नि कांदे घेतले आणि दुकानदाराकडे 20 रुपये सुट्टे नव्हते, म्हणून त्याने नेहमीप्रमाणे बरणीत हात घातला, दोन चॉकलेटं माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला नवीन आलंय, आत कॅरॅमल आहे. एरवी मी यावरून भांडते. पण कॅरॅमल म्हटलं की आपला राग कुठे टिकतो, उलट म्हटलं अजून चार द्या!

सहाही स्कूटरच्या डिकीत टाकली आणि तिथेच माती खाल्ली. मे महिन्यात सीटखालची डिकी म्हणजे चूलच, त्यात मी वाटेत बँकेत अर्धा तास घालवला. कोको बटर 34 डिग्रीच्या आसपास वितळतं, म्हणून तर चॉकलेट जिभेवर ठेवलं की विरघळतं, पण डिकीला काय त्याचं. घरी येऊन पहिलं उघडलं तर चॉकलेट कुठलं आणि कॅरॅमल कुठलं काही कळेना, कागद चाटून संपवलं. (चाळिशीतल्या बाईने ओट्यापाशी उभं राहून कागद चाटणं ही काही सांगायची गोष्ट नाही, पण सांगितलं.)

बाकीची फ्रीझरमध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी वर पांढरे डाग! आई म्हणाली बुर आला, टाकून दे. बुरशीबिरशी काही नसते ती, चॉकलेट वितळून परत कसंतरी गोठलं की त्यातली चरबी वर येऊन बसते, दिसायला वाईट पण खायला चालतं. मी खाल्लं. दगड होता. कॅरॅमल दाताला असं चिकटलं की मागच्या दाढेची कॅप जाते की काय असं वाटलं, तिचे पैसे परत कोण देणार.

तिसरं मात्र शहाणपणाने खाल्लं, आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवलं, संध्याकाळी, पंख्याखाली. आता कळलं ते काय आहे. वरचं कवच पातळ, टक्कन फुटतं आणि आतलं कॅरॅमल धारेसारखं येतं, ओढत नाही. हे सगळं पाक किती शिजवला त्यावर असतं, 118 डिग्रीच्या आसपास नेला तर चघळायचं कॅरॅमल होतं, आधीच उतरवला तर पाणी जास्त राहतं आणि ते वाहतं. आणि ते आत जातं कसं? माझा भाचा छातीठोकपणे सांगतो इंजेक्शनने. खरं तर साच्यात चॉकलेट ओतून साचा उलटा करतात, जादाचं गळून जातं, कडेला कवच राहतं, त्यात कॅरॅमल भरतात आणि वरून परत चॉकलेटचं झाकण. भाच्याला इंजेक्शनच जास्त आवडलंय, तेव्हा राहू दे.

आमच्या लहानपणी सगळं उलटं होतं ना, मेलडी 1983 ची, कॅरॅमल बाहेर आणि चॉकलेट आत, ते आतलं येईपर्यंत चघळत बसायचं. इथे थांबायची गरजच नाही, चावलं की आलं. मला ते वाट बघणं जास्त आवडायचं बहुतेक.

आणि चव? गोड. नुसतं गोड. शेजारच्या मावशींकडून नाताळच्या ताटाबरोबर कॅरॅमल पुडिंग येतं, त्यातली साखर त्या पातेल्यात काळपट होईस्तोवर जाळतात, धूर यायच्या जरा आधीपर्यंत, आणि तो जो किंचित कडूपणा असतो ना त्याच्यासाठी मी वर्षभर थांबते. इथे तो कडूपणा नाही, मिठाचा कणही नाही. दुधाचा वास मात्र चांगला आहे, 10 रुपयांच्या मानाने बरंच म्हणायला हवं.

चौथं आईला दिलं. तिने अर्धं खाल्लं आणि कोकणीत म्हणाली, "कितें गो हें, साखरेचो पाक?" उरलेलं अर्धं मात्र कागदात नीट गुंडाळून फ्रीजच्या दारात ठेवलं, आणि आज सकाळी बघितलं तर ते नव्हतं, आणि सहावंही नव्हतं. पाचवं मी खाल्लं होतं. सहाव्याचं विचारलं तर म्हणते, बुर आलेला, टाकलं.