‘मी ठीक आहे’ आणि तीन मिनिटांची चाचणी

अंतराळ मोहिमेची तालीम म्हणून काही जणांना आठवडेच्या आठवडे बंद कक्षात ठेवतात. अशा एका प्रयोगात चमूची झोप आणि सतर्कता यांची नोंद माझ्याकडे असते. त्या दुपारी वैमानिकाला हाताने यान जोडण्याचा सराव करायचा होता. सकाळच्या प्रश्नावलीत त्याने थकवा दहापैकी दोन लिहिला आणि वर ‘मी ठीक आहे’ अशी टीपही दिली. प्रतिसाद-चाचणीने मात्र वेगळंच दाखवलं.

या चाचणीत एक ते चार सेकंदांच्या अनियमित अंतराने पडद्यावर मिलिसेकंदांचा आकडा धावू लागतो. दिसताच बटण दाबायचं. तीन मिनिटांच्या या आवृत्तीत 355 मिलिसेकंदांहून उशीर झाला की ती चूक. इथे सरासरी फसवते. थकलेला माणूस बहुतेक वेळा वेळेवर दाबतो, मधेच क्षणभर हरवतो. म्हणून मी सर्वांत संथ दहा टक्के प्रतिसाद आधी बघतो. त्याचे ते नेहमीपेक्षा बरेच लांबले होते.

कारण मनगटपट्टीच्या नोंदीत सापडलं. झोपेसाठी साडेआठ तास राखलेले, पण पंख्याचा अलार्म रोज रात्री तोच बघत असल्याने झोप जेमतेम सहा तास. अशी तूट साठत जाते. झोप येत असल्याची जाणीव काही दिवसांत स्थिरावते, कामगिरी मात्र घसरतच राहते. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच ठीक वाटत होतं.

25 जून 1997 रोजी रशियाच्या मीर अंतराळ स्थानकावर कमांडर वासिली त्सिब्लियेव असंच हाताने प्रोग्रेस मालवाहू यान आणत होते. रडार बंद, कॅमेऱ्यात यानामागे ढगाळ पृथ्वी, आणि झोपेची तूट. यान स्थानकाच्या स्पेक्त्र विभागावर आदळलं, हवा गळू लागली. एवढ्या अडचणींत दोष एकट्या माणसावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

आलेख मी आधी वैमानिकालाच दाखवला. परस्पर कमांडरकडे गेला असता, तर पुढे कुणी मनापासून चाचणी दिली नसती. सराव पुढे ढकलायचं त्यानेच कमांडरला सांगितलं. अलार्मची पाळी सगळ्यांत वाटली, झोपण्याआधीचे दिवे 2700 केल्विनवर, म्हणजे उबदार पिवळसर प्रकाशावर आणले. दोन पूर्ण रात्रींनंतर चुका घटल्या, पण संथ दहा टक्के अजून मूळ पातळीवर आले नव्हते. सराव आणखी एक दिवस थांबवला.